रायडिंग पॅन्ट कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेल्मेट घेऊन झालं, जॅकेट झालं, ग्लोव्हज झाले, की बहुतेकांचं बजेट संपतं आणि पाय जीन्सवरच राहतात. रायडिंग ग्रुपमध्ये नव्याने आलेली मंडळी पायांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांपुढे आहे तो आठवडाभर बाईकने कामावर जाणारा आणि सुटीच्या दिवशी ताम्हिणी, वरंधा नाहीतर आंबोली गाठणारा माणूस. ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात, त्या इथे घेतलेल्या नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ब्रँड कुठलाही घ्या, पण दोन बाबतींत तडजोड करू नका. पडाल त्या क्षणी पॅड गुडघ्यावरच असलं पाहिजे, आणि पॅन्ट अशी हवी की ती रोज अंगावर चढेल.

जीन्स जाड असते. वेगळी पॅन्ट कशाला?

साध्या जीन्सचं कापड डांबरावर जेमतेम एखादा सेकंद तग धरतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगात माणूस कोरड्या डांबरावर घसरला, तर थांबेपर्यंत साधारण १५ मीटर जातो आणि त्याला दोनेक सेकंद लागतात. म्हणजे पहिल्या सेकंदात जीन्स फाटते आणि उरलेलं अंतर कातडी घासत जाते. सोलवटलेल्या जागेत खडी आणि माती रुतून बसते. ड्रेसिंगच्या वेळी नर्स ती घासून काढते, तेव्हा भलेभले ओरडतात.

शिवाय घसरण्याआधी आपटणं असतंच. आपटण्याचा जोर पुढच्या वेगापेक्षा किती उंचीवरून पडलात यावर जास्त ठरतो. सीटच्या उंचीवरून गुडघा जमिनीवर येतो तो ताशी १५ किलोमीटरच्या आसपास, मग बाईक ३० ने जात असो वा ८० ने. साध्या जीन्समध्ये तिथे आडवं यायला काहीच नसतं. म्हणूनच ‘मी सिटीतच चालवतो’ हे पॅड न घालण्याचं कारण होऊ शकत नाही.

याचा खरंच फायदा होतो, असं कुणी तपासलं आहे का?

हो. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या अंगावर रायडिंग पॅन्ट होती, त्यांना इस्पितळात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं होतं. पॅन्टमध्ये पॅड असतील तर पायाला इजा होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मला तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. एक, अपघातात सापडलेल्या रायडिंग पॅन्ट्सपैकी सुमारे २८ टक्के ऐन वेळी फाटल्या किंवा उसवल्या. नुसतं ‘रायडिंग पॅन्ट’ हे नाव पुरेसं नाही, हे त्यावरून कळतं. दुसरी, पॅडमुळे हाड मोडण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. पाय बाईकखाली चेंगरला किंवा गाडीच्या बंपरवर आदळला, तर पॅड मांडीचं किंवा नडगीचं हाड वाचवेलच असं नाही. गुडघा पिरगळला तर लिगामेंटही पॅड वाचवत नाही. पॅड वाचवतं ते वाटीवरचा थेट मार, फाटलेलं ढोपर आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा. ही कमाईसुद्धा लहान नाही.

लेबलवर ए, एए, एएए असं काय लिहिलेलं असतं?

युरोपात मोटरसायकलच्या कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे मानक आहे आणि २०२० पासून लेबलवर तेच दिसतं. त्यात कपड्याचे भाग पाडले आहेत. सर्वांत आधी घासले जाणारे भाग, म्हणजे गुडघा आणि खुबा, हे झोन १. त्याहून कमी धोक्याचे भाग झोन २ आणि झोन ३. फिरत्या यंत्रातून कापडाचा तुकडा खरखरीत काँक्रीटवर टाकतात आणि थांबेपर्यंत त्याला भोक पडतं का ते पाहतात.

एएए वर्गात झोन १ चं कापड ताशी १२० किलोमीटरच्या चाचणीत टिकावं लागतं, एए मध्ये ७० च्या आणि ए मध्ये ४५ च्या. झोन २ साठी हेच आकडे ७५, ४५ आणि २५ असे उतरतात. ‘एएए घातली म्हणजे १२० ने पडलो तरी चालेल’ असा अर्थ मात्र काढू नका. तो वेग प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आहे. रस्त्यावर दगड, दुभाजक आणि समोरून येणारा ट्रक असतो.

बी वर्गाचं कापड ए सारखंच, पण पॅड नसलेलं. सी वर्ग म्हणजे पॅड जागेवर धरून ठेवणारा आतला किंवा वरचा कपडा. घासण्यापासून त्याचा भरवसा धरायचा नाही.

आपल्या वापराला एए हा उत्तम मध्यममार्ग आहे. एएए बहुधा जाड, जड आणि गरम असते. एप्रिलमध्ये ती कपाटात राहते आणि माणूस कॉटनच्या पॅन्टवर निघतो. फक्त शहरात फिरणाऱ्याने ए वर्गाची घेतली तरी माझी हरकत नाही, पण तिच्यात खुब्याचं पॅड सक्तीचं नसतं. ते वेगळं घेऊन घालावं.

‘सीई सर्टिफाइड’ लिहिलंय, म्हणजे झालं ना?

बहुतेक लोक इथेच फसतात. सीई म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत बसत असल्याची खूण. पुष्कळ पॅन्ट्समध्ये सीई प्रमाणपत्र असतं ते फक्त आतल्या पॅडला. कापड आणि शिवण कुणीही तपासलेली नसते, आणि जाहिरातीत मात्र ‘सीई’ मोठ्या अक्षरांत झळकतं. कमरेच्या आत शिवलेलं लेबल बाहेर काढून वाचा. त्यावर मोटरसायकलस्वाराचं चित्र, ईएन १७०९२ आणि वर्गाचं अक्षर असेल तरच अख्खी पॅन्ट तपासलेली आहे. नुसतं ईएन १६२१-१ दिसलं, तर ते पॅडचं मानक आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचं केलं आहे. हेल्मेटवर आयएसआयची खूण पाहायची आपल्याला सवय आहे, पण पॅन्टवर ती शोधू नका. इथे युरोपचं लेबल हाच हाताशी असलेला पुरावा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा ‘मोटोकॅप’ हा उपक्रमही पाहण्यासारखा आहे. २०१८ पासून ते बाजारातून कपडे विकत घेऊन स्वतः तपासतात, आणि संरक्षण व हवेशीरपणा यांना वेगवेगळे तारे देतात. तुमचं मॉडेल त्या यादीत नसेल, पण कुठल्या प्रकारचं कापड कुठे कमी पडतं याचा अंदाज दहा मिनिटांत येतो.

पॅड लेव्हल १ घेऊ की लेव्हल २?

चाचणीत पॅडवर सुमारे ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडतात आणि पलीकडे किती जोर पोहोचतो ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल १, २० च्या आत राहिलं तर लेव्हल २. गुडघ्याला लेव्हल २ च घ्या. किमतीतला फरक एका टाकी पेट्रोलच्या आसपास असतो, आणि हल्लीची लेव्हल २ पॅड मऊ, जाळीदार आणि सहज वाकणारी मिळतात.

पॅडवरची बारीक अक्षरंही वाचा. ‘के’ म्हणजे गुडघा, ‘एच’ म्हणजे खुबा. ‘टाइप ए’ आकाराने लहान, ‘टाइप बी’ मोठं. उंच किंवा धिप्पाड माणसाने टाइप बी मागावं. विदर्भ-मराठवाड्यातल्या रायडर्सनी ‘टी प्लस’ ही खूण नक्की शोधावी. हाताला पिठासारखी मऊ लागणारी ही पॅड तापल्यावर आणखी मऊ होतात आणि थंडीत कडक होतात. ‘टी प्लस’ म्हणजे ४० अंशांना तापवूनही तपासलेलं, ‘टी मायनस’ म्हणजे उणे १० अंशांना. चंद्रपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बाईकवर पॅन्ट ठेवलीत, तर पॅड ४० च्या कितीतरी पुढे जातं, हे ध्यानात असू द्या.

दुकानात ट्राय करताना काय बघू?

या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

आरशासमोर उभं राहून निर्णय घेऊ नका. पॅन्ट घालून बाहेर या आणि स्वतःच्या बाईकवर बसा. पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. आता बोटाने चाचपून पॅडची वरची कड शोधा. ती गुडघ्याच्या वाटीच्या वर दोन-तीन बोटं असावी आणि खालची कड नडगीवर उतरलेली असावी. मग पॅड तळहाताने बाहेरच्या बाजूला जोराने ढकला. ते वाटीवरून सरकून बाजूला गेलं, तर डांबरही त्याला तसंच सरकवणार. असं पॅड लेव्हल २ चं असलं तरी निरुपयोगी.

उभं राहिल्यावर तेच पॅड वाटीच्या खाली लोंबल्यासारखं दिसेल. दिसू द्या. चालताना बरोबर वाटणारं पॅड बसल्यावर मांडीवर चढतं. चांगल्या पॅन्टमध्ये पॅडच्या खिशाला आतून वेल्क्रो असतं, त्यामुळे पॅड वर-खाली दोन-तीन ठिकाणी बसवता येतं. सेल्समनला ते दाखवायला सांगा आणि तिथेच बसवून घ्या, घरी गेल्यावर कुणी करत नाही.

खुब्याचं पॅड पाहा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला टोचतं, ते पॅडखाली झाकलं गेलं पाहिजे. पुष्कळ पॅन्ट्समध्ये हे पॅड कमरेच्या पट्ट्याजवळ येतं, म्हणजे नको तिथे. एका कुशीवर पडलात की पहिला मार याच हाडावर बसतो.

बसल्यावर पॅन्टचं तोंड घोट्याच्या वर चढतं, म्हणून उभ्याने किंचित लांब वाटेल अशी लांबी घ्या. गुडघ्याखाली आवळायचा पट्टा असेल तर उत्तम, पॅड जागेवर ठेवायला त्याची मोठी मदत होते. मागे जॅकेटला जोडायची चेन आहे का ते बघा. घसरताना जॅकेट वर आणि पॅन्ट खाली गेली, की मधली कंबर उघडी पडते.

शेवटी पॅन्ट उलटी करा आणि शिवणी बघा. मांडीच्या बाहेरच्या शिवणीवर दोन-तीन समांतर टाके दिसले पाहिजेत आणि निदान एक ओळ आत दडलेली असावी. सगळे टाके बाहेरून दिसत असतील तर ते घासून तुटतात आणि शिवण उघडते, मग कापड कितीही मजबूत असो.

ऑनलाइन घेणार असाल, तर मापाच्या तक्त्याबरोबर परतीची अट आधी वाचा.

‘केव्हलार जीन्स’ चांगल्या का?

काही खूप चांगल्या, काही फक्त नावाच्या. उलटी करून बघा. आत पिवळसर विणलेलं अस्तर दिसेल, ते अरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचं. ते कुठून कुठपर्यंत आहे यावर बोट फिरवा. स्वस्त जीन्समध्ये ते फक्त गुडघ्यावर आणि बुडाखाली तळहाताएवढं असतं, मांडीचा बाहेरचा भाग आणि खुबा कोरडी डेनिम. पडल्यावर आधी घासतो तो नेमका हाच भाग. अस्तर कमरेपासून नडगीपर्यंत असेल तरच पैसे मोजा.

दुसरा प्रकार एकपदरी. त्यात डेनिमच्या धाग्यातच मजबूत पॉलिथिलीनचा धागा विणलेला असतो, डायनिमा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. या जीन्स अस्तरवाल्यांपेक्षा थंड आणि दिसायला थेट ऑफिसच्या. रोज घालायला मला हा प्रकार सर्वांत पटतो, फक्त लेबलवर एए बघून घ्या.

उन्हाळ्यात मेश (जाळीदार) पॅन्ट घ्यावी का?

पुण्या-नाशिकला, हो. हवा आरपार जाते आणि घाम वाळतो. मात्र मेश मांडीच्या पुढच्या आणि आतल्या भागापुरतीच हवी. गुडघा, खुबा आणि बूड इथे जाड, बंद विणीचं कापड असायलाच हवं. मोठ्या भोकांची जाळी डांबरात अडकते आणि फाटते.

अकोला, नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात गणित बदलतं. हवा ४२-४३ अंशांची असेल तर ती अंगापेक्षा गरम असते. तशी हवा आरपार गेली की थंडावा मिळत नाही, अंग तापतं आणि शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. अशा वेळी मेशखाली घट्ट सुती किंवा स्पोर्ट्सची लेगिंग ओली करून घाला आणि थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या. सर्वांत चांगलं म्हणजे अकराच्या आत मुक्काम गाठा.

पावसाळ्यात? आतलं रेन लायनर की वरून रेन पॅन्ट?

कोकणात आणि घाटात वरून घालायची रेन पॅन्ट. लायनर आत असतं, त्यामुळे बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यात पाय गारठतात. शिवाय पाऊस आल्यावर लायनर लावायचं तर टपरीमागे जाऊन पॅन्ट उतरवावी लागते. वरची रेन पॅन्ट एका मिनिटात चढते, पण तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत चेन असेल तरच, नाहीतर बूट काढत बसावं लागतं. बुडाखाली शिवण नसलेली बघा, पाणी साचतं ते तिथेच. आणि तोंड बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचलंत तर सगळं पाणी बुटात उतरतं.

सायलेन्सरला पॅन्ट चिकटते. काय करू?

नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंशांना वितळतात, आणि तापलेल्या सायलेन्सरला तेवढं तापायला वेळ लागत नाही. पातळ रेन पॅन्ट तर टेकताच भोक पडून चिकटते. पोटरीच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा उष्णता सोसणारा पट्टा असलेली पॅन्ट घ्या. पायाचं तोंड सैल असेल तर वेल्क्रोने आवळा. मागे बसणाऱ्यालाही उतरण्याआधी सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते सांगा.

लडाखला जायचंय. वेगळी घ्यावी का?

नको. तीच पॅन्ट, आत थर्मल आणि वरून रेन पॅन्ट. ती वारा अडवते, थंडीचं अर्धं काम तिथेच होतं. फक्त माप घेताना थर्मल घालून बघा.

पॅन्टऐवजी जीन्सवर नी-गार्ड घातले तर?

काहीच नसण्यापेक्षा नक्की बरे, आणि नडगी झाकणारे लांब गार्ड त्या भागाला पॅन्टपेक्षा जास्त जपतात. उणीव अशी की ते घासण्यापासून मांडी आणि खुबा वाचवत नाहीत. दोन पट्ट्यांचे असतील तर खड्ड्याखड्ड्याला खाली घसरतात. निदान तीन पट्टे हवेत, त्यातला एक गुडघ्याच्या वर. पॅन्टखाली घालायचे मोज्यासारखे ताणणारे गार्ड जागेवर जास्त चांगले राहतात.

बायकांसाठी काय? आणि साडी किंवा सलवार असेल तर?

बायकांच्या मापाची म्हणून विकली जाणारी पॅन्ट प्रत्यक्षात बरेचदा पुरुषी मापच असतं, फक्त रंग वेगळा. कमरेला ढगळ आणि खुब्याला घट्ट झाली की पॅड फिरतं. म्हणून खुब्याच्या मापाने घ्या आणि कंबर बाजूच्या पट्ट्यांनी आवळा.

सलवारीवरून घालायची ओव्हरपॅन्ट मिळते. कमरेपासून घोट्यापर्यंत बाजूला चेन असलेली घेतली की ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन मिनिटांत निघते. ओढणी मात्र पिशवीतच जाऊ द्या. साडीवर पॅन्ट जमत नाही, पण मोज्यासारखे नी-गार्ड आत सहज बसतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या ताईंनाही माझी हीच विनंती आहे. काष्ट्याखाली ते कुणाला दिसत नाहीत.

मागच्या चाकाचं साडीगार्ड काढून टाकू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतच त्याची तरतूद आहे. आणि मागे बसणाऱ्याचे पायही तितकेच उघडे असतात. लांबच्या राइडला त्यांच्यासाठीही पॅन्ट घ्या.

लेदर पॅन्ट धारावीत शिवून घेतली तर?

धारावीत कारागीर उत्तम आहेत, पण मागणी नीट सांगावी लागते. फॅशनचं चामडं पातळ असतं. रायडिंगला गाई-म्हशीचं सव्वा मिलिमीटरच्या आसपासचं जाड चामडं, दुहेरी-तिहेरी शिवण आणि पॅडचे खिसे बाईकवर बसल्यासारखा गुडघा वाकवून मोजलेले, असं मागा. घासण्याविरुद्ध चामड्यासारखं काही नाही. आपल्या दमट हवेत रोज वापरणं मात्र कठीण. पावसाळ्यात त्याला बुरशीही लागते.

बजेट किती ठेवू?

भारतीय ब्रँड आता चांगले आहेत. रायनॉक्स, व्हायाटेरा, क्रॅमस्टर, रायडा, सोलेस ही नावं कुठल्याही ग्रुपमध्ये ऐकू येतील. बऱ्यापैकी पॅन्ट साधारण ६ ते १२ हजारांत मिळते. पैसे कमी असतील तर साध्या पण नीट बसणाऱ्या पॅन्टमध्ये लेव्हल २ चं गुडघ्याचं पॅड टाका, वर्षभराने खुब्याचं. बाईकला एक्झॉस्ट आणि एलईडी लावायच्या आधी हे करा, एवढा आग्रह धरतो.

धुवायची कशी?

पॅड काढून, सौम्य साबणाने, थंड पाण्यात. ब्लीच अजिबात नको, त्याने अरामिडचा धागा कमजोर होतो. कडक उन्हानेही तोच परिणाम होतो, म्हणून सावलीत उलटी वाळत घाला. वॉटरप्रूफ पॅन्टला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. पॅड ओल्या फडक्याने पुसा आणि परत घालताना ‘के’ लिहिलेली बाजू, वरचं टोक आणि डावं-उजवं तपासा. धुतल्यानंतर पॅड उलटं बसवलेलं मी फार जणांच्या पॅन्टमध्ये पाहिलंय.

पडल्यावर तीच पॅन्ट पुढे वापरू का?

उभ्या बाईकवरून तोल जाऊन पडलात, कापडावर नुसता ओरखडा आहे, तर हो. घसरला असाल तर पॅन्ट उलटी करून उजेडाकडे धरा. घासलेल्या जागी उजेड आरपार दिसला किंवा शिवणीचा एखादाही टाका तुटलेला असला, तर ती बाद. शिंप्याकडून रफू करून दिसायला नीट होईल, पण घासणं सोसण्याची ताकद परत येत नाही. जोराचा मार बसलेलं पॅड बाहेरून धड दिसलं तरी बदला. वाकवून बघा, चीर दिसली किंवा दाबल्यावर ते पूर्ववत फुगलं नाही, तर त्याच दिवशी नवं मागवा.